आवाज विकणारी नळी

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. शाळेच्या पुस्तकात हे समीकरण निमूट पडून असतं, गाडीच्या पोटाखाली मात्र ते लोखंड खातं. इंजिन नीट तापलं तर पाणी वाफ होऊन मागच्या नळीतून निघून जातं. पण गाडी गॅरेजमधून काढली, दहा मिनिटं फिरवली आणि पुन्हा कापडाखाली झाकली, की ते सायलेन्सरच्या डब्यात साचतं, ज्वलनातली आम्लं त्यात मिसळतात आणि पत्रा आतून कुजायला लागतो. त्यामुळे साठच्या दशकातली अल्फा रोमिओ स्पायडर कितीही जिवापाड सांभाळलेली असो, तिच्याखालचा साध्या पोलादाचा सायलेन्सर कारखान्यातून निघाला तोच असणं जवळजवळ अशक्य. उलट जितकी सांभाळावी, तितका तो लवकर जातो.

तरीही ‘मूळचा’ एग्झॉस्ट शोधत फिरणारे हौशी जगभर आहेत. त्यांच्या चिकाटीला मी नावं ठेवणार नाही, पण गंमत वाटते. कारण इटालियन गाड्यांच्या बाबतीत कारखान्याचा सायलेन्सर कित्येकदा पहिल्या मालकानेच, तोही धडधाकट असताना, उतरवून ठेवलेला असे. त्या जागी त्याने पदरचे पैसे मोडून जो बसवला, तोच आज ‘अस्सल’ म्हणून चढ्या भावाने विकला जातो.

या उलट्या प्रकाराचं मूळ इटलीत असलं तरी सायलेन्सरचं कूळ अमेरिकेतलं. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी १८९७ मध्ये इंजिनाच्या एग्झॉस्टसाठी मफलरचं पेटंट घेतलं. रस्त्यावर तेव्हा घोडे होते आणि ते बिचकत. मफलरची अडचण मात्र लगेच लक्षात आली. आवाज अडवायचा तर वायूची वाट अडते, आणि वाट अडली की इंजिनाची ताकद घटते. मग नळीला मधेच एक झडप बसवायची युक्ती निघाली, ‘कटआउट’ नावाची. खटका ओढला की धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर. गावात शिरताना झडप बंद करायची, वेशीबाहेर पडलं की उघडायची, असा सभ्य बेत होता. तो कोण पाळणार? गावोगावी बंदीचे नियम आले.

इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकभोवती राहणाऱ्यांनी तर कोर्टाचं दार ठोठावलं. विसाच्या दशकात तिथे ठरावीक आकाराचा जाडजूड सायलेन्सर सक्तीचा झाला. रात्रीच्या शर्यतीला मनाई असल्याने चोवीस तासांची शर्यत १९२९ पासून बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत विभागून घ्यावी लागली. म्हणजे तोवर सायलेन्सर ही शेजाऱ्यांसाठी सोसायची गोष्ट होती. पैसे देऊन हौसेने विकत घ्यावी अशी ती झाली इटलीतल्या तुरीनमध्ये.

कार्लो आबार्थ जन्माने व्हिएन्नाचा, १९०८चा. मूळ नाव कार्ल. तरुणपणी मोटारसायकली पळवायचा. साइडकार जोडलेल्या मोटारसायकलवरून ओरिएंट एक्सप्रेस या आगगाडीशी त्याने शर्यत लावली ती १९३४ मध्ये. महायुद्धाचा काळ ल्युब्लियानात काढून तो इटलीत आला आणि तुरीनच्या चिसितालिया कंपनीच्या रेसिंग विभागात शिरला. त्या कंपनीने पोर्शेकडून एक महागडी ग्रां प्री गाडी आखून घेतली आणि त्या खर्चाखाली ती दबून गेली. मालक पिएरो दुझिओने अर्जेंटिनाची वाट धरली. आबार्थच्या पदरात काही रेसिंग गाड्या आणि सुटे भाग पडले. तेवढ्या भांडवलावर १९४९ मध्ये ‘आबार्थ आणि कंपनी’ उभी राहिली. जन्मरास वृश्चिक, म्हणून बोधचिन्ह विंचू.

सुरुवातीलाच तिला मोठं नाव लाभलं. नामवंत शर्यतपटू तात्सिओ नुव्होलारीने एप्रिल १९५० मध्ये पालेर्मोजवळच्या माँते पेलेग्रिनोच्या घाटशर्यतीत आबार्थची गाडी चालवून आपल्या गटात पहिला नंबर काढला. ती त्याची शेवटची शर्यत ठरली. पण शर्यती हा खर्चाचा धंदा. घर चालवलं ते सायलेन्सरने.

हिशेब साधा होता. युद्धातून सावरणाऱ्या इटलीत फेरारी घेणारे मूठभर, फियाट घेणारे लाखो. १९५५ मध्ये फियाट ६०० आली, १९५७ मध्ये तिच्याहून छोटी ५००. तिच्या ४७९ सीसीच्या इंजिनातून सुरुवातीला जेमतेम १३ अश्वशक्ती निघे. दोन्हींची इंजिनं मागे, सायलेन्सर त्यांच्याच खाली, म्हणजे हाताशी. चार बोल्ट सोडले की जुना खाली, नवा वर. काळ्या रंगाचा डबा, त्यावर विंचू, मागे क्रोमच्या चकचकीत नळ्या. ताकद थोडी वाढे, आवाज पुष्कळ. १९६२च्या सुमारास कारखान्यातून वर्षाला अडीच लाखांवर एग्झॉस्ट बाहेर पडत होते आणि त्यातले निम्म्याहून जास्त परदेशी जात. फियाटपुरतंच हे राहिलं नाही, अल्फा आणि पोर्शेसाठीही विंचवाचे डबे मिळू लागले. खुद्द आबार्थ मात्र विक्रमांच्या नादातून सुटला नाही. १९६५ मध्ये स्वतःच्या चिंचोळ्या विक्रमी गाडीत मावावं म्हणून सफरचंदं खाऊन त्याने तीस किलो वजन उतरवलं, असं सांगतात. तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होत आला होता.

असा जुना डबा ग्राइंडरने उभा चिरला, की त्या आवाजाचं गुपित बाहेर येतं. साध्या मफलरच्या आत पडदे असतात. वायू एका खोलीतून दुसरीत, तिथून उलटा फिरून तिसरीत, असा सरकारी कचेरीतल्या फायलीसारखा हिंडतो आणि दमून बाहेर पडतो. आबार्थच्या पद्धतीच्या डब्यात एकच सरळ नळी असते, अंगभर बारीक भोकं पाडलेली, आणि तिच्याभोवती काचलोकर ठासलेली. वायूला आडकाठी नाही. कर्कश, उंच पट्टीचे स्वर भोकांतून लोकरीत जिरतात, खर्ज पुढे जातो. कालांतराने लोकर काजळीने माखते, पाण्याने भिजते, जळते आणि चुरा होऊन नळीवाटे उडून जाते. म्हणून जुना आबार्थ दरवर्षी थोडा जास्त ओरडतो. चाळीस वर्षं वापरलेला डबा ऐकून ‘हाच खरा आवाज’ म्हणणारा माणूस प्रत्यक्षात लोकर संपल्याचा आवाज ऐकत असतो.

आता पुन्हा अल्फाकडे. स्पायडर १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. तिच्या चार सिलिंडरांतल्या स्फोटांचा क्रम १-३-४-२. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या स्फोटांत बरोबर एका फेरीचं अंतर, तसंच दुसऱ्या-तिसऱ्यात. म्हणून बिडाचे दोन मॅनिफोल्ड, एक १ आणि ४ साठी, दुसरा २ आणि ३ साठी. चाराच्या दोन, दोनाची एक नळी होते. धुराचे लोट एकमेकांवर न आदळता पाठोपाठ निघतात आणि पुढचा मागच्याला ओढून घेतो.

हा एग्झॉस्ट बदलायचं काम करताना खरी धाकधूक पहिल्या तासातच. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं, त्यात रुतलेले स्टड पोलादाचे, वरचे नट वर्षानुवर्षं भाजून स्टडशी एकजीव झालेले. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, नट तापवायचा, आणि पाना आधी किंचित घट्ट दिशेला देऊन मग उलटा फिरवायचा. घाई केली तर स्टड हेडच्या तोंडाशी तुटतो, आणि मग ड्रिल घेऊन जे सुरू होतं त्यात शनिवार-रविवार जातो. नवे नट तांब्याचे किंवा पितळेचे घ्यावेत, पुढच्या खेपेला ते सुखासुखी सुटतात. आणखी एक गोष्ट हौशी लोक चुकवतात: मागून पुढे आवळत येतात. सगळी नळी आधी रबरांवर सैल लटकवायची, मागच्या ॲक्सलपासून बोटभर मोकळी आहे ना ते पाहायचं, मग पुढून मागे आवळत जायचं. इंजिन आपल्या रबरांवर डुलतं, त्याबरोबर नळीलाही डुलता आलं पाहिजे. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ती बॉडीला ठोकते.

मग येतो स्टेनलेसचा वाद. स्टेनलेस स्टील टिकतं, पण त्याचा आवाज किंचित किनरा लागतो, अशी तक्रार जुनी आहे. मला विचाराल तर ती निम्मी धातूची आणि निम्मी पातळ पत्र्याची. जाड पत्र्याचा, नीट भरलेला डबा घेतला तर फरक सांगणारे कान थोडे. मूळपणाचा आग्रह मात्र कागदावरही आलाय: २०१२ मध्ये जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने जतनाची सनद मंजूर केली. तिचं नाव तुरीन चार्टर. ज्या गावाने जगाला मूळचा सायलेन्सर फेकून द्यायला शिकवलं, त्याच गावाचं नाव.

आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फियाट ११००, पुढे १९७४ पासूनची पद्मिनी, हीसुद्धा याच घराण्यातली. इटलीत ११०० साठीही आबार्थचे भाग मिळत. मुंबईत मात्र सायलेन्सरचं भोक गॅस वेल्डिंगने बुजवायचं आणि टॅक्सी पुन्हा धंद्याला लावायची, हीच रीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. रस्त्यात ओरडायची हौस बुलेटवाल्यांनी केव्हाच उचलली होती. त्यांच्या नळ्यांवर पोलीस रोडरोलर फिरवतात.

युरोपने हेच काम कागदावर केलं. १९७० च्या नियमात मोटारीला ८२ डेसिबलची मुभा होती, नव्वदच्या दशकात ती ७४ वर आली, म्हणजे ध्वनीची ऊर्जा साधारण सहाव्या हिश्शावर. आबार्थ १९७१ मध्येच कंपनी फियाटला विकून मोकळा झाला होता. फेरारीने १९९४ च्या एफ३५५ मध्ये एग्झॉस्टला झडप बसवली. हळू चालवताना बंद, पाय दाबला की उघडी. जुनं कटआउटच ते, फक्त खटका ओढायला आता यंत्र ठेवलेलं.

आणि आता खुद्द विंचू विजेवर चालतो. आबार्थ ५००ई या गाडीला एग्झॉस्टच नाही. तिच्याखाली स्पीकर आहे. पेट्रोलवाल्या आबार्थचा आवाज त्यातून निघावा यासाठी सहा हजार तासांहून अधिक काम केल्याचं कंपनी सांगते. तिकडे युरोपच्या नियमांनी २०१९ पासून विजेच्या मोटारींच्या नव्या मॉडेलना संथ चालताना आवाज करणं सक्तीचं केलंय, पादचाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून. ५००ईचा तो जादा गुरगुराट मात्र सक्तीचा नाही. नको असेल तर बंद करता येतो, पण त्यासाठी गाडी थांबवावी लागते.