लिनक्सचा बॅकअप: कोणते फोल्डर जपायचे, कोणते सोडायचे?

लिनक्स कॉम्प्युटरचा बॅकअप म्हणजे अख्खी डिस्क कॉपी करायची, असा अनेकांचा समज असतो. मग बाहेरची हार्ड डिस्क भरून जाते, तासन् तास लागतात आणि दोन महिन्यांत कंटाळून बॅकअप घेणंच बंद होतं. खरं तर डिस्कवरचं बरंच काही इंटरनेटवरून पुन्हा मिळतं. प्रत्येक फोल्डरबद्दल एकच प्रश्न विचारायचा: हे गेलं, तर परत कुठून आणणार?

'यूएसआर' फोल्डर भला मोठा असतो, पण त्यात पॅकेजमधून आलेले प्रोग्रॅम असतात. उबुंटू किंवा डेबियन नव्याने टाकून ते परत आणता येतात. पॅकेजची यादी तेवढी जपावी. अपवाद त्यातल्या 'लोकल'चा, तिथे हाताने टाकलेल्या गोष्टी असतात. 'प्रॉक' आणि 'सिस' तर डिस्कवर नसतातच, कर्नल ते जागच्या जागी तयार करून दाखवतो. 'प्रॉक'मधली 'केकोर' ही फाईल साध्या लॅपटॉपवरही सुमारे 128 टेराबाइटची दिसते. ती कॉपी करायला गेलं, तर बॅकअप कधी संपायचाच नाही.

जपायचं ते 'होम'. फोटो, प्रबंध, कोड, शिवाय टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाईली. एसएसएचच्या किल्ल्या तिथेच असतात. 'कॅश' मात्र वगळावा. 'ईटीसी'त सगळ्या सेटिंग असतात. आकार जेमतेम काही मेगाबाइट, पण त्यामागे कित्येक दिवसांची खटपट असते.

खरी गोची 'व्हार'ची. त्यातला 'कॅश' टाकून द्यावा, 'लॉग' गरजेपुरता ठेवावा. 'लिब'मध्ये मात्र मायएसक्यूएल, पोस्टग्रेससारखे डेटाबेस असतात. डेटाबेस चालू असताना त्याच्या फाईली नुसत्या कॉपी केल्या, तर अर्धवट नोंदींची निरुपयोगी प्रत हाती येऊ शकते. म्हणून आधी 'मायएसक्यूएलडंप' किंवा 'पीजी डंप'ने डंप काढायचा आणि त्याचा बॅकअप घ्यायचा.

डंपही तपासावा लागतो. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅबच्या इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. 'पीजी डंप'ची आवृत्ती जुनी असल्याने रोजचा डंप होतच नव्हता आणि इशाऱ्याचे ईमेलही पोहोचत नव्हते. सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांतला डेटा गेलाच. घरच्या कॉम्प्युटरवर महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये काढून उघडून पाहिली, तरी बरंच कळतं.