शाळेतला भूगोल : गोल पृथ्वी आणि पायाखालची जमीन

आजचा विषय तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे : शाळेतला भूगोल, आणि त्यातही माध्यमिक शाळेतला. ओळखीचा आहे म्हणूनच त्याचा इतिहास आपण कधी विचारत नाही.

सुरुवात अगदी अलीकडच्या घटनेपासून करू. मार्च २०२०. महाराष्ट्रात दहावीची बोर्डाची परीक्षा संपत आली होती. एकच मोठा लेखी पेपर उरला होता आणि तो होता २३ मार्चला, भूगोलाचा. करोनामुळे तो आधी पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्द केला. बाकीच्या विषयांच्या गुणांची सरासरी काढून भूगोलाचे गुण द्यायचं ठरलं. त्या परिस्थितीत दुसरा काही मार्गही नव्हता. पण त्या वेळची प्रतिक्रिया आठवा. मुलं खूश झाली, आई-वडिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मोबाइलवर विनोद फिरले. एक विषय गेला आणि काही अडलं असं फारसं कुणाला वाटलं नाही. हा प्रश्न गणिताच्या पेपरबद्दल आला असता तर? लगेच 'मुलांचं नुकसान' हा शब्द ऐकू आला असता.

मग भूगोल शाळेत आला कशासाठी? आणि चाळीस गुणांचा शेवटचा पेपर एवढीच त्याची किंमत कशी उरली?

जरा मागे जाऊ. इंग्रजी अमलाआधीच्या पंतोजींच्या शाळेत भूगोल नावाचा विषय नव्हता. तिथे धुळाक्षरं होती, मोडी वाचन-लेखन होतं, पाढे होते, पावकी-निमकी होती, हिशेब होता. पण 'भूगोल' हा शब्द मात्र आपल्याकडे जुना आहे, आणि त्याची एक गंमत आहे. भू म्हणजे पृथ्वी, गोल म्हणजे गोल. म्हणजे या विषयाच्या नावातच एक सिद्धान्त आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला, त्यातल्या गोलाध्यायात हा प्रश्न येतो : पृथ्वी गोल आहे तर सपाट का दिसते? त्यांचं उत्तर आजही नववीच्या वर्गात सांगता येईल. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच दिसतो. पृथ्वी प्रचंड आणि माणूस लहान, म्हणून त्याला ती सपाट भासते. चाळीसगावजवळ पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथे मठ उभारला, अशी त्यात नोंद आहे. म्हणजे ज्योतिषाच्या अभ्यासकाला गोल पृथ्वी माहीत होती. पण कीर्तनात, पुराणात माणूस ऐकत होता ते मेरू पर्वत, जंबुद्वीप आणि दुधा-दह्याचे समुद्र. दोन्ही गोष्टी शतकानुशतकं शेजारी शेजारी नांदल्या.

हे शेजारपण मोडलं एकोणिसाव्या शतकात. इथे मला तुमच्यासमोर एकच साल ठेवायचं आहे : १८३६.

त्या साली मध्य भारतात, भोपाळजवळच्या सीहोरमध्ये, सुबाजी बापू नावाच्या मराठी शास्त्र्यांनी 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हे मराठी पुस्तक सिद्ध केलं. लॅन्सलॉट विल्किन्सन हा तिथला इंग्रज अधिकारी त्यांच्या पाठीशी होता. पुस्तकाची मांडणी हुशारीची आहे. पुराणातली सपाट पृथ्वी खोडून काढायला आपल्याच सिद्धान्तग्रंथांचा आधार घेतला आणि तिथून पुढे कोपर्निकसपर्यंत नेलं. मुंबईत याच सुमारास बाळशास्त्री जांभेकर आणि त्यांच्या आसपासची मंडळी शालेय पुस्तकांचं काम करत होती, त्यात भूगोलही होता. या मंडळींसाठी भूगोल हा आधी डोळे उघडण्याचा विषय होता.

आणि त्याच काळात, १८३६ च्या आगेमागेच, इंदापूर तालुक्यात काय चाललं होतं? गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी जमिनीची मोजणी करत होते. साखळी टाकून एकेक शेत मोजलं जात होतं, मातीची खोली आणि प्रत ठरवली जात होती, सर्व्हे नंबर पडत होते. सारा किती घ्यायचा हे ठरवायचं होतं ना! पुढे ही पद्धत मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. सातबाऱ्याच्या मागचा इतिहास इथूनच सुरू होतो.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. दोन्ही भूगोलच. एक सांगतो की तू राहतोस ती पृथ्वी कशी आहे. दुसरा सांगतो की तुझ्या पायाखालची जमीन कशी आहे, माती काळी की बरड, ओढा कुठून वाहतो, बांध कुठे आहे. यातला पहिला भूगोल शाळेत आला. दुसरा कचेरीत गेला. गावाचा नकाशा तलाठ्याच्या दप्तरात राहिला, शाळेच्या भिंतीवर आला तो जगाचा नकाशा. माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर हेच आहे : आपला शालेय भूगोल या वाटणीतून आजही पुरता बाहेर आलेला नाही.

शाळेत आलेल्या भूगोलाचं तरी पुढे काय झालं? तो यादी झाला. देश, राजधान्या, नद्या, भूशिरं, उपसागर. हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. खुद्द इंग्लंडमध्ये १८८५ साली जॉन स्कॉट केल्टी यांनी रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीसाठी शाळांतल्या भूगोलाची पाहणी केली, तेव्हा चित्र फार निराशाजनक दिसलं. दोनच वर्षांनी मॅकिंडर यांनी मांडलं की भूगोलानं 'कुठे' एवढ्यावर थांबू नये, 'तिथेच का' हे सांगावं. म्हणजे ज्यांच्याकडून आपण घोकंपट्टी घेतली, ते स्वतः त्यातून बाहेर पडायची धडपड करत होते.

पण त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, पुण्यातून एका माणसानं वेगळं काही मागितलं होतं. जोतीराव फुले. हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं, याची त्यात यादी आहे : मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. खेड्यातल्या शाळेत विषय कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहारोपयोगी हवेत, असा त्यांचा रोख होता. या यादीत भूगोल आणि शेती जवळजवळ बसली आहेत, ते लक्षात घ्या. कारण पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना ते सांगतात की बांधबंदिस्ती अशी करा की पावसाचं पाणी शेतात मुरून मग ओढ्याला जाईल. आज ज्याला आपण पाणलोट विकास म्हणतो, त्याचंच हे बोलणं. आणि उतार, माती, पाणी हा भूगोल नाही तर काय आहे?

स्वातंत्र्यानंतर या दिशेनं एक चांगलं पाऊल पडलं. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी तिसरीत आपल्या जिल्ह्याचा भूगोल शिकला. साताऱ्याच्या मुलाच्या हातात सातारा, चंद्रपूरच्या मुलाच्या हातात चंद्रपूर. चौथीत महाराष्ट्र, मग भारत, मग जग. जवळून दूर जाण्याचा हा क्रम उत्तमच आहे. अडचण अशी की आपण दूर गेलो आणि परत आलोच नाही. आठ वर्षांच्या मुलाला ओढ्याचं नाव सांगता येतं. पण तो ओढा आटला का, हा प्रश्न समजण्याचं वय पंधराचं. नेमकं त्या वयात, माध्यमिक शाळेत, त्याचा ओढा पुस्तकातून गेलेला असतो.

शिक्षकांनी मनावर घेतलं तरी साधनं कुठे होती? समोच्च रेषांचे तपशीलवार स्थलनिर्देशक नकाशे भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो. सुरक्षेच्या कारणानं सीमेपासून आणि समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले नकाशे दीर्घकाळ सर्वसामान्यांसाठी बंद होते. म्हणजे जवळजवळ सगळं कोकण! रत्नागिरीच्या मुलाला ब्राझीलचा नकाशा मिळे, पण आपल्याच डोंगराचा मिळत नसे. २००५ च्या नकाशा धोरणानं आणि २०२१ च्या नव्या नियमांनी हे बरंच सैल केलं. आज तर उपग्रहाचं चित्र मोबाइलवर दिसतं. दप्तर उघडलं आहे, वर्गात ते अजून पोचायचं आहे.

आजचं पाठ्यपुस्तक वाईट आहे का? मला तसं वाटत नाही. २०१८ पासूनचं दहावीचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करतं, आणि पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. त्यात ब्राझीलच्या ईशान्येकडचा 'अवर्षण चतुष्कोन' येतो. समुद्रावरचे वारे कड्याला अडतात, पाऊस अलीकडे पडतो, पलीकडचा प्रदेश कोरडा राहतो. आता माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतल्या मुलाचा विचार करा. तो हेच कारण आपल्या अंगणात जगतो. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईला यावं तर पाऊस त्याच्या आठव्या भागाच्या आसपास. आणखी पूर्वेला माणकडे गेलं की त्याहूनही कमी. शिक्षकानं 'हा चतुष्कोन आपल्याकडे कुठे आहे?' एवढा एक प्रश्न विचारला, तर ब्राझीलचा पाठ सोन्याचा आहे. नाही विचारला, तर दोन गुणांची 'भौगोलिक कारणे द्या'. आणि क्षेत्रभेट? बहुतेक ठिकाणी तिची प्रश्नावली वर्गातच पाठ होते, कारण परीक्षेत प्रश्नावली तयार करायला सांगतात.

यात पणाला काय लागलं आहे, ते सांगून थांबतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर तीच वेळ आली. भूगोल नीट शिकवला असता तर ही माणसं वाचली असती, असं म्हणणं उथळपणाचं होईल. दरडीची कारणं गुंतागुंतीची असतात, आणि डोंगरातली माणसं डोंगर आपल्यापेक्षा जास्त ओळखतात. पण उतारावर कुठे खोदायचं, रस्ता कुठून न्यायचा, ओढा बुजवून इमारत बांधायची का, चारशे फुटांची बोअर कुणी मारायची, हे निर्णय ग्रामसभेत, नगरपालिकेत, गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत होतात. तिथे बसलेल्या बहुतेकांचं भूगोलाचं शेवटचं शिक्षण म्हणजे दहावी. त्यानंतर तो विषय घेणारे थोडेच. म्हणून माध्यमिक शाळेतला भूगोल हा नागरिकाच्या हाती लागणारा शेवटचा भूगोल असतो.

ऐकणाऱ्यांत शिक्षक असतील, त्यांना एकच सुचवतो. येत्या पावसात नववीचा वर्ग बाहेर काढा. शाळेच्या पत्र्यावरून पडणारं पाणी कुठे जातं, कोणत्या ओढ्याला, कोणत्या नदीला, हे मुलांना चालत जाऊन शोधू द्या आणि त्याचा नकाशा त्यांनाच काढू द्या. तलाठी कार्यालयातल्या गावनकाशाची एक प्रत मागून आणा आणि ती जगाच्या नकाशाशेजारी लावा. एका भिंतीवर दोन्ही नकाशे, एवढं झालं तरी पुष्कळ आहे.