रात्री दाढ ठणकली तर फॅमिली डॉक्टर काय करू शकतात?

रात्री उशिरा दाढ ठणकू लागते तेव्हा डेंटिस्टचा दवाखाना बहुधा बंद असतो. मग पनवेल असो की दुसरं कुठलं गाव, फोन जातो तो घरच्या फॅमिली डॉक्टरांना. त्यांच्याकडे ना दातांची खुर्ची असते, ना दाताचा एक्स-रे. दात काढणं किंवा रूट कॅनॉल हे त्यांचं कामही नाही. पण दुखणं आटोक्यात आणणं आणि रुग्ण सकाळपर्यंत थांबू शकतो का हे ठरवणं, ही दोन कामं ते नक्की करू शकतात.

दुखण्यावर सहसा पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन दिलं जातं, गरज पडल्यास दोन्ही. पण त्याआधी अ‍ॅसिडिटी, अल्सर, किडनीचा आजार, दमा, गर्भारपण यांची चौकशी होते. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर आयबुप्रोफेन टाळतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. घरात आधी कोणत्या गोळ्या घेतल्या तेही सांगावं. सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे नकळत डोस दुप्पट होतो आणि भार लिव्हरवर येतो. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याचा घरगुती उपाय तर करूच नये, तिथली त्वचा भाजते.

"डॉक्टर, अँटिबायोटिक लिहून द्या ना," ही मागणी ठरलेली. खरं तर नुसत्या ठणक्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. किडीमुळे दाताच्या आतली नस सुजलेली असते किंवा मेलेली असते. मेलेल्या नसेत रक्तपुरवठा उरत नाही, त्यामुळे औषध तिथवर पोचत नाही. गाल सुजला, ताप आला, म्हणजे संसर्ग दाताबाहेर पसरू लागला, तर अँटिबायोटिक लागतं. तरीही मूळ दाताचं काम डेंटिस्टलाच करावं लागतं. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून ते टाळणारे बरेच असतात आणि तीच दाढ पुन्हा उलटते.

फॅमिली डॉक्टर ज्याला खरे घाबरतात ती गोष्ट वेगळी आहे. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि हनुवटीखाली पसरला, तर सूज श्वासाची वाट बंद करू शकते. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी 1836 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला लुडविग्ज अंजायना म्हणतात. जीभ वर उचलली जाणं, लाळ गिळता न येणं, आवाज बदलणं, तोंड न उघडणं, श्वासाला त्रास ही त्याची लक्षणं. असा रुग्ण सकाळची वाट बघत नाही. 108 ला फोन करून त्याला अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात नेतात. मधुमेह असेल तर आणखी लवकर. कामोठ्याचं एमजीएम किंवा खारघरचं येरळा ही डेंटल कॉलेजं पनवेलकरांना जवळची आणि नेहमीच्या उपचारांना सोयीची. पण श्वास अडकत असताना आधी इमर्जन्सी विभाग, दात नंतर.

जबडा दुखतोय पण दातात काहीच सापडत नाही, असंही होतं. चालताना दुखणं वाढत असेल, सोबत घाम किंवा छातीत दडपण असेल, तर डॉक्टर आधी ईसीजी काढतात. हार्ट अटॅकचं दुखणं कधी कधी खालच्या जबड्यात जाणवतं.

पडून दात मुळासकट निघाला, तर मात्र मिनिटांचा हिशेब असतो. पक्का दात पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये. माती लागली असेल तर दुधाने हलकेच धुवावा आणि शक्य असल्यास लगेच त्याच जागी बसवावा. नाहीतर थंड दुधात ठेवून डेंटिस्टकडे धाव घ्यावी. पाण्यात ठेवू नये, मुळावरच्या पेशी मरतात. कोरडा दात तासभर तसाच राहिला, तर तो नीट जगण्याची शक्यता फार कमी होते. फॅमिली डॉक्टर तोवर धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का आणि डोक्याला मार आहे का, हे बघतात. दुधाचा दात असेल, तर तो परत बसवायचा नाही. खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.