सिट्रस ट्रिस्टेझा विषाणूचे असंकेतक प्रदेश

सिट्रस ट्रिस्टेझा विषाणूचे असंकेतक प्रदेश म्हणजे या विषाणूच्या आरएनए धाग्याच्या दोन्ही टोकांचे असे भाग, ज्यांपासून कोणतेही प्रथिन तयार होत नाही. मात्र या भागांत धागा स्वतःवरच दुमडून ठरावीक आकार घेतो आणि विषाणूच्या प्रती निघणे त्या आकारावर अवलंबून असते.

हा विषाणू लिंबूवर्गीय झाडांच्या परिकाष्ठात, म्हणजे अन्नरस वाहणाऱ्या ऊतीत, राहतो. मावा कीड आणि कलमासाठी घेतलेला रोगट डोळा यांमार्फत तो पसरतो. मोसंबी हे जालना जिल्ह्याचे प्रमुख फळपीक आहे. ‘जालना मोसंबी’ला भौगोलिक मानांकन लाभले असून बदनापूर येथे मोसंबी संशोधन केंद्र आहे. बाधित झाड बरे करणारे औषध उपलब्ध नाही, त्यामुळे निरोगी मातृवृक्ष आणि सहनशील खुंट यांवरच बागाईतदाराची भिस्त असते. ‘ट्रिस्टेझा’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ दुःख असा आहे. आंबट नारिंगाच्या खुंटावरील झाडे झपाट्याने वाळू लागल्यावर ब्राझीलमध्ये रोगाला हे नाव मिळाले, आणि ते यथार्थच म्हणावे लागेल.

आरएनएची रचना

विषाणूचा जीनोम सुमारे 19,300 न्यूक्लिओटाइडांचा आहे. वनस्पतींच्या आरएनए विषाणूंत एवढा लांब धागा विरळाच. धाग्यातील अॅडेनीनसमोर युरॅसिल आणि ग्वानीनसमोर सायटोसीन आले की त्यांची जोडी जमते. जुळलेल्या भागाला देठ आणि टोकाला मोकळ्या राहिलेल्या वळणाला फास म्हणता येईल. शिवणाच्या दोऱ्याला पीळ पडून वेटोळे उठावे, तसा हा प्रकार असतो.

3′ टोकाचा असंकेतक प्रदेश सुमारे 273 न्यूक्लिओटाइडांचा आहे. त्यात दहा देठ-फास असावेत, असा संगणकीय अंदाज आहे. निरनिराळ्या वाणांत येथील अक्षरक्रम जवळजवळ सारखाच आढळतो.

5′ टोकाची गोष्ट अधिक विलक्षण आहे. तेथील अक्षरक्रमाचे साम्य काही वाणांत अवघे 42 टक्क्यांपर्यंत उतरते, तरीही प्रत्येक वाणात दोन देठ-फासांची जवळपास तीच आकृती संभवते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या भागात मुद्दाम बदल करण्यात आले. देठाच्या एका बाजूची अक्षरे बदलून जोड्या मोडल्या, तेव्हा बहुतेक वेळा प्रती निघणे थांबले. समोरच्या बाजूलाही पूरक बदल करून जोड्या पुन्हा जुळवल्यावर ते सुरू झाले. अक्षरे मूळची नव्हती, आकार मात्र मूळचा होता. तथापि अशा काही धाग्यांच्या प्रती नीट निघूनही विषाणूकण पुढील पेशींत संक्रमित होऊ शकले नाहीत. त्यामुळे कण बांधला जाण्यासाठी विशिष्ट अक्षरक्रमही लागत असावा, असे अनुमान निघाले.

निदानातील महत्त्व

आरटी-पीसीआर चाचणी आकार पाहत नाही, ती अक्षरे जुळवते. साहजिकच विषाणूचे अस्तित्व तपासण्यास स्थिर अक्षरक्रमाचे भाग सोयीचे ठरतात, तर वाणांतील भेद ओळखण्यास 5′ टोकाकडील बदलता भाग उपयोगी पडतो.