आमच्या गावचा डेपो

लहानपणी मी आजोबाले विचारलं होतं, "आबा, लढाई समुद्रावर होते म्हनता, मंग तोफगोळे आपल्या पुलगावात काऊन?" आबा हसले. "समुद्र नाही म्हणूनच त इथं आनले, बाबू!"

आबांच्या त्या एका वाक्यात सगळा इतिहास होता. १९४२च्या ५ एप्रिलला जपानी विमानांनी कोलंबोवर बॉम्ब टाकले, दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर. किनाऱ्यावर तोफा रोखून चालतं, पण त्यांचं खाद्य तिथंच रचून ठेवणं धोक्याचं. १४ एप्रिल १९४४ला ते मुंबईनं भोगलं. गोदीत उभ्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजात स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्र होत्या. आग लागली, जहाज फुटलं, शेकडो माणसं गेली.

पुलगाव किनाऱ्यापासून लांब, पण मुंबई-नागपूर रेल्वेवरचं. जवळच वर्धा नदी. महायुद्धाच्या त्या काळातच इथं दारूगोळ्याचा डेपो उभा राहिला. अशा डेपोत कोठारं एकमेकांपासून दूर ठेवतात, भोवती मातीचे बांध घालतात. एक फुटलं तरी शेजारचं वाचावं म्हणून. किनाऱ्यावरचा बुरूज शत्रूला अडवतो, हा बांध आपल्याच दारूला अडवतो. आणि याच जिल्ह्यात तेव्हा सेवाग्रामला गांधीजींचा आश्रम होता!

लढाई संपली, डेपो राहिला. सरकार बदललं, कोठारं तीच. गावातल्या कितीतरी घरांची चूल डेपोच्या पगारावर पेटली. आम्हीही ताराच्या कुंपणाशेजारी ढोरं चारली. भीती अशी कधी वाटली नाही.

ती वाटली ३१ मे २०१६च्या रात्री. मध्यरात्रीनंतर कोठाराला आग लागली, आभाळ लाल झालं, आगरगाव-नागझरीची माणसं लेकरं काखेत घेऊन अंधारात पळाली. आग विझवायला गेलेले जवान आणि अग्निशमनवाले परत आले नाहीत. त्यांत दोन लष्करी अधिकारीही होते.

मग २० नोव्हेंबर २०१८. सोनेगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, ६ जण गेले. त्यांत रोजीसाठी गेलेले गावचे मजूर होते.

किनाऱ्यावरच्या जुन्या तोफांजवळ आता लोक फोटो काढतात. आमच्याकडचं युद्ध तेवढं जुनं झालेलं नाही. आबांचं उत्तर खरं होतं. फक्त समुद्रापासून दूर ठेवलेला धोका कोणाच्या जवळ आला, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.