भाडे रोखणारे भाडेकरू : सेंट लुईस, १९६९

अमेरिकेतील सेंट लुईस शहरात सरकारी गृहसंकुलांची देखभाल रहिवाशांच्या भाड्यातूनच होत असे. रहिवासी गरीब होत गेले, भाडे मात्र वाढत राहिले आणि दुरुस्त्या रखडल्या.

फेब्रुवारी १९६९ मध्ये शेकडो कुटुंबांनी भाडे रोखले. आघाडीवर प्रामुख्याने कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. सुमारे नऊ महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये समझोता झाला : भाड्याला उत्पन्नाच्या चौथाईची मर्यादा आणि कारभारात रहिवाशांना स्थान. डिसेंबरमध्ये सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने २५ टक्क्यांची हीच मर्यादा देशाच्या कायद्यात आली.

१९७३ मध्ये कार स्क्वेअर व डार्स्ट या वसाहतींचे व्यवस्थापनच रहिवाशांच्या हाती आले. त्याच शहरातील प्रुइट-आयगो संकुलाचे पाडकाम मात्र १९७२ मध्येच सुरू झाले होते. तेथे हा अधिकार पोहोचायला उशीर झाला.