पत्रा, रूप आणि भरवसा : अल्पमोली मोटारींविषयीची बदलती मते

म्हैसूरहून कृष्णराजसागराकडे निघाले की वाटेत बेळगोळ लागते. धरणाच्या निमित्ताने सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या सर्वांस आठवतात; परंतु पुण्यास शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या ह्या पुरुषाने हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना निघावा म्हणूनही दीर्घकाळ खटपट केली, हे आमच्या तरुण सभासदांस क्वचितच ठाऊक असते. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्या कामी त्यांच्याबरोबर होते. कारखाना म्हैसूर संस्थानात काढण्याचाही विचार झाला. पण इंग्रज सरकारची अनुकूलता लाभली नाही, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी मुंबईत स्थापन झाली.

तिच्याच कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट गाडीस पुढे पद्मिनी हे नाव मिळाले. पन्नास वर्षांपूर्वी आमच्यापुढे निवड होती ती हिची नाहीतर अँबॅसडरची. तीही नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर! फियाट सुबक आणि घरंदाज, अँबॅसडर दणकट, असे मत रूढ होते. भरवशाची गाडी म्हणजे बंद न पडणारी, असे कोणी मानीत नसे. जी वाटेत बंद पडली तरी तेथेच दुरुस्त होते ती भरवशाची. वृंदावन बागेच्या सहलीस निघालेली आमच्यातील एका कुटुंबाची गाडी (कोणत्या कंपनीची, ते येथे सांगत नाही) बेळगोळजवळ वाफा सोडीत थांबली, तेव्हा मंडळींनी सावलीत बसून दशम्या सोडल्या, शेजारच्या घरातून घागरभर पाणी आणले, आणि तासाभराने सर्व पुढे निघाले. कोणी गाडीस दूषण दिल्याचे आम्हांस स्मरत नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हे सारे बदलले. प्रथम आम्ही तिला हसलो. एवढासा डबा, हा पातळ पत्रा, लॉरीचा धक्का लागला तर काय उरेल? पण ती पहाटेच्या थंडीतही एका किल्लीत सुरू होई. पाच-सहा वर्षांत हसणारेच तिच्या रांगेत उभे राहिले, आणि बंद पडणे हा गाडीचा दोष ठरू लागला.

ह्या नव्या कसोटीवर १९९८ साली पुण्याची इंडिका उतरली, तेव्हा आमची खरी पंचाईत झाली. इटलीतील तूरिन येथील संस्थेच्या साहाय्याने घडविलेले तिचे रूप सर्वांस आवडले. आतील ऐसपैस जागाही आवडली. गाडी पुण्याची, म्हणून अभिमान तर होताच. परंतु पहिल्या गाड्यांविषयी तक्रारी येऊ लागल्या, आणि त्या उघड बोलणे म्हणजे माहेरास नावे ठेवणे असे आमच्यातील कित्येकांस वाटे. कंपनीने मात्र तक्रारी मानल्या व २००१ मध्ये सुधारलेली ‘व्ही-टू’ आणली. आमच्या मौनापेक्षा त्या तक्रारींचाच गाडीस अधिक उपयोग झाला, हे कबूल केले पाहिजे. पुढे ती भाड्याच्या गाड्यांत इतकी दिसू लागली की घरच्या गाडीचा मान तिला उरला नाही.

२००९ साली विक्रीस आलेल्या नॅनोचे दुःख निराळे. ‘सर्वांत स्वस्त’ ही कीर्तीच तिला बाधली. दारी उभ्या केलेल्या गाडीने आपली ऐपत कमी दाखवावी, हे कोणास रुचणार? २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

नावाचे असे खेळ अन्यत्रही झाले आहेत. चेकोस्लोव्हाकियाची स्कोडा गाडी एके काळी इंग्लंडात विनोदाचा विषय होती; तीच २००१ नंतर औरंगाबादेस जुळविली जाऊ लागली तेव्हा आपल्याकडे प्रतिष्ठेची ठरली. त्याच देशाची जावा मोटारसायकल १९६१ पासून म्हैसुरात तयार होत असे, त्यामुळे आम्हां म्हैसूरकरांस त्या इंग्रजी विनोदाचे नवल वाटते.

पत्र्याचा जुना प्रश्न अखेर परीक्षेस लागला तो २०१४ मध्ये. ‘ग्लोबल एनकॅप’ ह्या संस्थेने भारतातील पाच लहान गाड्या आदळून पाहिल्या; प्रौढांच्या सुरक्षिततेत पाचांनाही शून्य तारे मिळाले. त्यांत नॅनो होती, तशी जर्मन नावाची चाकणची पोलोही होती. डिसेंबर २०१८ मध्ये मात्र पुण्याजवळच्या रांजणगावी तयार होणाऱ्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले. आता तरुण सभासद रूपाबरोबर तारेही विचारतात. ज्येष्ठ मंडळी अजून नव्या गाडीचे दार बोटाने वाजवून पाहतात.